आक्कासाठी पोथी वाचणारं यंत्र

तीर्थरूप आक्का,

नाशिकहून पुंजाचा पाया पडून नमस्कार. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, तुला वाचता यावं म्हणून. माझा गुडघा बरा आहे. तू डोळ्यांत थेंब घालतेस ना?

मी मुलाकडे आल्यापासून तुला पोथी वाचून दाखवायला कुणी नाही, म्हणून वाचणारं यंत्र पाठवतो आहे. चार दुकानं पाहिली. बाकीच्यांची बटणं तांदळाएवढी, याचं एकच आहे, पेढ्याएवढं.

अध्याय अर्धा टाकून तू जेवायलाही उठत नाहीस. म्हणून मी ते सात वेळा मध्येच बंद करून पाहिलं. थांबलं तिथूनच पुढे वाचतं. दुकानदार म्हणाला, "बाबा, आता तुम्हीच बसा गल्ल्यावर, मी जेवून येतो."

तू त्याची पूजा करणारच. कुंकू मागच्या बाजूला लाव, पुढच्या भोकांतून आवाज येतो. पाणी शिंपडू नकोस. शिंपडलंसच तर मला कळवू नकोस, झोप लागणार नाही.

आतला माणूस माझ्यासारखा अडखळत नाही, चष्माही शोधत नाही. म्हणून शेवटचा अध्याय मी त्यातून काढायला लावला आहे. तो दिवाळीला येऊन मी वाचीन.

तुझा धाकटा,
पुंजा