माझ्या बाजूचा ब्रेक

३ फेब्रुवारी, सोमवार

गाडी चालवणं बंद! डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी असं सांगितलं, जसं कुणी 'गोड जरा कमी खा' सांगावं. पडद्याच्या मधोमध खराबी आहे. कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. 'किती दिवसांत?' तर म्हणे, 'नक्की नाही सांगता येत. उन्हाळा बरा जाईल असं धरून चला.' चालवू नका म्हणतात आणि वर धरून चला!

सरळ रेघ वाकडी दिसते. घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बघितली — मधेच पोट सुटलेलं. हाताने वरपासून खालपर्यंत चाचपली. सरळ आहे. वाकडं माझ्यात आहे. ही मागे उभी. 'काय हो, काय झालं चौकटीला?' तोंडातून निघून गेलं, 'वाळवी लागलीय वाटतं.'

हिला सांगायचं नाही. सांगितलं तर नवी गाडी घेऊच देणार नाही. आणि गाडी तर हवी. जुनी गेली माझ्या ड्रायव्हिंग स्कूलबरोबर. स्कूल विकत घेतलं कुणी, तर माझ्याच जुन्या विद्यार्थिनीने. मी तिला घाबरट म्हणायचो, चौक आला की रडायला लागायची. आता मालकीण आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वाळवीचं औषध आणून चौकटीला लावलं. घरभर वास सुटलाय. एक खोटं बोललं की हे असं.

९ फेब्रुवारी, रविवार

इलेक्ट्रिकच घ्यायची हे ठरलं होतं, म्हणून दोन्ही शोरूम बघून आलो. समोरासमोर आहेत, मधे फक्त रस्ता. एकीकडे बसकी, हिरवी, बटबटीत डोळ्यांची — मी तिचं नाव बेडूक ठेवलं. दुसरीकडे उंच, पांढरी, चौकोनी. ते कपाट. बेडूकवाला कुजबुजला, 'समोरच्यांची बॅटरी थंडीत मान टाकते हो.' कपाटवाला म्हणाला, 'त्यांच्या गाडीत बसता येतं, पण उठायला दुसरा माणूस लागतो.' नळावरच्या बायका बऱ्या!

दोन्हींत क्लच नाही. गिअर नाही. आयुष्यभर लोकांना क्लच अर्धा सोडायला शिकवला — पाय थरथरला तर चालेल, गाडी थरथरता कामा नये. आता पाय उचलला की गाडी आपली आपण मंदावते म्हणे. आमची विद्या भंगारात.

हिला बेडूक आवडला. ड्रायव्हरच्या सीटवर बसली, आरसे हलवून बघितले, वर म्हणते, 'मागची काच मोठी आहे हो.' ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याची बायको, गाडी येत नाही — दिव्याखाली अंधार — आणि काच बघते!

११ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्रीला फोन केला. माझ्या सगळ्या गाड्यांना शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक त्यानेच बसवलेला. दोन्ही गाड्या सांगितल्या. 'मास्तर, पांढरीला बसवून देतो. हिरवीला नाही जमायचं. तिथे पायाखालूनच बॅटरीची वायर गेलीय, कंपनी हात लावू देत नाही.'

झालं तर मग. कपाट!

मी शेजारी बसणार आणि ही चालवणार. मला दिसतंय तोवर हिला शिकवून मोकळं व्हायचं. घर गावाच्या टोकाला, बस येईल तेव्हा येते. मुलगी दूर, तिच्या संसारात. उद्या मला चौकटच काय, दारसुद्धा दिसलं नाही, तर ही काय करणार? माझं बोट धरून भर उन्हात दवाखान्यापर्यंत चालवत नेणार? हिच्या हातात स्टिअरिंग आलंच पाहिजे. आणि नवशिक्याच्या शेजारी बसायचं तर माझ्या पायाखाली ब्रेक हवा. पूर्वी एकदा हिला शिकवायला घेतलं होतं, तर तिसऱ्या दिवशी चौकात गाडी सोडून चालत घरी आली होती. या वेळी जिभेला लगाम घालीन. पण ब्रेकशिवाय नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कपाट चालवून बघायला बोलावलं होतं. मला चालवायचं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर हिने कारण विचारलं असतं. टाय लावलेला सेल्समन शेजारी, ही मागे. मोठ्या रस्त्याला लागलो. समोर दुभाजक सुरू होत होता. माझ्यासाठी तो नव्हताच. नव्हताच! 'सर! सर!' करत त्याने स्टिअरिंगला हात घातला. वाचलो. मी म्हटलं, 'नवीन गाडी, अंदाज येत नाही.'

मागून ही शांतपणे म्हणाली, 'भाऊ, आता तुम्ही चालवा. यांना जरा मागे पाठवा, मला बोलायचंय.' मागे जाऊन बसलो. शोरूम येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

परत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. लाज वाटते. भीती त्याहून जास्त वाटते.

६ मार्च, गुरुवार

हिचं एकच पालुपद — बेडूक, बेडूक. कारण रोज नवं. मुलीकडे एका दमात जातो, वाटेत चार्जिंगला थांबायला नको. सीट मऊ. रंग छान. मुलीलाही फितवलंय. 'बाबा, आईला हवी ती घ्या ना. नेहमी तुमचंच का?' काय सांगू तिला? म्हटलं, 'तुझ्या आईला गाडीतलं काय कळतं?' तिकडून हसल्याचा आवाज आला. हसण्यासारखं काय होतं?

हल्ली ही रोज सकाळी मैत्रिणीकडे जाते. कॅनव्हासचे बूट घालून! मैत्रिणीकडे जायला बूट कशाला? विचारलं नाही. आपलीच झाकली मूठ, दुसऱ्याची कुठे उघडायला जा.

माझ्या टेबलावर जाड शाईचं पेन आणून ठेवलंय. म्हणे, 'दुकानात हेच होतं.' बरंच झालं. लिहिलेलं निदान दिसतं.

१७ मार्च, सोमवार

आज गल्लीच्या तोंडाशी एकाने हाक मारली, 'काय मास्तर, ओळख विसरलात?' चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपका. शर्टाकडे बघून हसलो. कोण होता कुणास ठाऊक.

जीव नको नको होतो.

२९ मार्च, शनिवार

कडाक्याचं भांडण. 'त्या कपाटात असं आहे तरी काय?' 'उंची आहे.' 'उंची काय करायचीय? पंख्यावरची धूळ पुसायचीय गाडीत बसून?' एरवी हसलो असतो. आज ओरडलो. ही म्हणाली, 'आणा तुमचं कपाट. मी पाय ठेवणार नाही त्यात.' आणि मी तर हिच्यासाठीच मरतोय!

जेवलो नाही. हीपण जेवली नाही. ताटं तशीच झाकून ठेवलीत.

२ एप्रिल, बुधवार

सांगून टाकलं.

सकाळी चहा ओतला तो कपाच्या बाहेर. ही फडकं घेऊन आली, टेबल पुसलं आणि पुसता पुसता म्हणाली, 'बेडूकच घेऊ या ना.' माझा तोल सुटला. 'अगं, दिसत नाही मला! समोरचा माणूस दिसत नाही! तुला गाडी शिकवायचीय, त्याला माझ्या बाजूला ब्रेक लागतो, तो कपाटालाच बसतो — म्हणून कपाट, कळलं?'

ही खुर्चीवर बसली. म्हणाली, 'माहीत आहे.'

'कधीपासून?'

'वाळवीपासून.'

उठून पर्स आणली आणि माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. मान वाकडी करून, कडेने बघितलं — हल्ली तसंच बघावं लागतं. लायसन्स. हिचं! मैत्रीण वगैरे काही नव्हतं. घाबरटकडे शिकत होती. आपल्याच जुन्या गाडीत, माझे विद्यार्थी बसायचे त्याच सीटवर. घाबरटने तोंड शिवून ठेवलं, मुलीनेसुद्धा. सगळ्या जगाला ठाऊक, मी तेवढा औषध लावत बसलो चौकटीला!

'माझ्याकडे का नाही शिकलीस?' 'तुमच्याकडे शिकले असते तर एव्हाना काडीमोड झाला असता.' आणि हसली. मला हसू आलं नाही. रडू आलं, हिच्यासमोरच आलं. हिने नुसता हात धरून ठेवला.

जरा वेळाने मी म्हटलं, 'मग तर कपाटच घेऊ. कितीही झालं तरी नवशिकी आहेस. माझा ब्रेक असू दे.' 'नको,' म्हणाली. 'अगं, पण का?' चहाचे कप उचलून आत गेली.

३ एप्रिल, गुरुवार

बेडूक बुक केला. सही कुठे करायची तिथे हिने बोट ठेवलं. मनातली अढी काही जात नाही. डोळे जाऊ देत, पण पाय शाबूत आहे ना? समोर काही आलं की डोक्याच्या आधी त्याला कळतं. किती जणांना वाचवलंय या पायाने! त्यालाच जागा नाही गाडीत.

१२ एप्रिल, शनिवार

बेडूक आला. ही चालवत होती, चांगली चालवते. मी शेजारी. पाय सवयीने ब्रेकच्या जागी, नुसत्या मॅटवर.

चौकाच्या अलीकडे गाडी एकदम थांबली. पट्टा छातीत रुतला. 'काय झालं गं?' 'म्हातारी आडवी आली, काठी टेकत. जाऊ दे तिला.' मला तर रस्ता मोकळा दिसत होता.

खाली बघितलं. माझा पाय होता तिथेच होता. हललाच नव्हता.