दोघांचं दुकान

सोमवार, ३ फेब्रुवारी
आज एकच गिऱ्हाईक. कॉलेजातली मुलगी. उभ्या उभ्या कादंबरी चाळली, मुखपृष्ठाचा फोटो काढला आणि म्हणाली, मोबाइलवर मिळते का बघते. मी तिला कागदाच्या वासावर केवढं व्याख्यान दिलं! ती गेली आणि मी पर्समधला मोबाइल काढून माझी अर्धी राहिलेली कादंबरी पुढे वाचायला घेतली. मोबाइलवरच. ढोंगी बाई!

सासऱ्यांना, अप्पांना कळलं तर? इंदापूरच्या स्टँडजवळ हे पुस्तकांचं दुकान त्यांनीच उभं केलं. सासूबाई गेल्यावर ते घरात नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मग मी दुकानात जायला लागले – मला एकटीला जमत नाही, तुम्ही चला, अशी थाप मारून. आता रोज माझ्याआधी तयार असतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
विशाल म्हणाला, गाळ्याला चांगलं भाडं येतंय, देऊन टाकू. नवऱ्यावर भडकले. अप्पांचा जीव आहे त्यात! त्यांच्या जिवाचा मक्ता जणू माझ्याकडेच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
जेवून परत आले तर अप्पा कपाटाआड, कानात इअरफोन! मला बघून वायर खिशात कोंबायला लागले, तर ती निसटली आणि मोबाइलमधली बाई दुकानभर कादंबरी वाचायला लागली. बारीक अक्षर दिसत नाही म्हणे. वर्षभर हेच चाललंय. लावून दिलं विशालनं. मला सांगायचं नाही, अशी अप्पांची त्याला ताकीद.

मीही माझा मोबाइल काढून दाखवला. दोघं हसलो. पुस्तकं विकणारे आम्हीच असे!

मग विचारलं, “मग रोज दुकानात कशाला येता, अप्पा?”

“तुझ्यासाठी. बी.एड. करून घरात बसली हुतीस. तोंड पार सुकलेलं. म्हटलं, दुकान हाय तवर पोरगी चार माणसांत तरी असंल.”

आणि मी? सासऱ्यांना सांभाळते म्हणून गावभर मिरवत होते.

शनिवार, १ मार्च
अप्पांनी आणि मी मिळून ठरवलं आणि गाळा भाड्यानं दिला. पुस्तकं कळस गावच्या शाळेत पोचवली. रडू येईल म्हणून मोठा रुमाल नेला होता. तो अप्पांनाच लागला.

सोमवार, ३ मार्च
चहा पीत होते. अप्पा चपला घालून दारात उभे.
“चल.”
“आता कुठं, अप्पा?”
“कुठंबी.”