परवान्यावरचा नवा पत्ता

ती. ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

माझं छान चाललंय. लेकाकडे राहायला आले, पण गाडीच्या परवान्यावरचा पत्ता बदलायचा राहून गेला होता. गेल्या महिन्यात चौकात हवालदाराने अडवलं. भला माणूस. म्हणाला, "काकू, आज सोडतो. पंधरा दिवसांत पत्ता बदला, नाहीतर दंड."

दुसऱ्याच दिवशी कचेरी गाठली. तिथे घोडं अडलं, कारण घराची सगळी बिलं लेकाच्या नावावर. आई माझ्याकडे राहते, असं त्याने लिहून द्यायला हवं. आणि तो तर म्हणतो, गाडीच विकून टाक. काळजीपोटी गं.

मी त्याच्या चहाच्या कपाशेजारी कागद ठेवला.

"आई, या वयात गाडी कशाला?"

"दहावीच्या पेपरला तुला भर पावसात कुणी पोचवलं होतं?"

त्याने लगेच सही केली. वर म्हणाला, "अंधार पडायच्या आत घरी यायचं." मी कबूल केलं. अंधारात हल्ली नीट दिसत नाही, हे तुलाच सांगते.

नवा परवाना काल आला. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं? डॉक्टरांकडे वेळ दुपारची माग. उजाडताच निघाले की बारापर्यंत तुझ्या दारात गाडी लावते. रात्री मुक्काम तुझ्याकडेच.

तुझीच,
धाकटी