उशीतले दोरे

सोलापूर,
६ जानेवारी १९७४

ती. अक्का,
शि. सा. जयभीम. वि. वि. ओळखीच्या गार्डाबरोबर पाठवलेली तुझी उशी पोहोचली. डोके टेकले तर आत कापूस नव्हे, दोरे लागले. राहवले नाही म्हणून एक कोपरा उसवला. रागावू नकोस, परत शिवला आहे. चादरींचे गोंडे वळून झाल्यावर तुम्ही होटगीच्या बायका जी टोके कातरता, तेच हे दोरे. शंभर काढून पट्टी लावली. जवळजवळ सगळे चार बोटे लांब, आणि सूत चांगले. म्हणजे कारखान्यात आम्ही चादरीच्या दोन्ही टोकांना जास्तीचा दोरा सोडतो आणि तो उशीत जातो.

सूत महागल्यापासून मालक गुरुसिद्धप्पा रोज खर्च कमी करा म्हणून ओरडतात. त्यांना दोरे दाखवले. ते म्हणाले की आठवी नापास पोराला जे दिसते ते नमुने काढणाऱ्या माझ्या मास्तरला दिसत नाही. नव्या चादरीचा नमुना आता मलाच काढायला सांगितला आहे. धास्ती वाटते, पण काढीन. दाजींचा पाय कसा आहे?

लहान भावावर आहे तेवढी माया राहू दे.
तुझा,
यशवंत


होटगी,
१७ जानेवारी १९७४

चि. यशवंत यास अक्काचा जयभीम व पोटभर आशीर्वाद.
बहिणीने दिलेली उशी उसवून मोजणारा तूच पहिला. बायको आल्यावर तिच्या वेणीला पट्टी लावू नकोस म्हणजे झाले. तुझे पत्र वाचून दाखवले तेव्हा हे लई हसले. रुळाखालच्या स्लीपरने पाय चेचल्यापासून पहिल्यांदाच. डॉक्टर म्हणतात, रेल्वेच्या गँगचे काम आता होणे नाही. गुरुवारच्या पॅसेंजरने तुमच्या कारखान्याचा गठ्ठा उतरतो म्हणून घर चालते, नाही तर चुलीकडे बघत बसायची पाळी.

दोरा कमी कर, पण चार बोटे नको, दोनच कर. पीळ द्यायला चिमटीत धरायला काही लागते की. ते तुझ्या पट्टीला कळायचे नाही. शेजारची केराबाई गावभर सांगत सुटली आहे की आमचा यशवंत साहेब झाला. चौदा एप्रिलला जयंतीला ये. गोंडेवाल्या बायका तुला हार घालणार आहेत म्हणे. येताना थोडा शहाणपणा तिकडेच ठेव.

माया आहेच, ती तेवढी मोजू नकोस.
अक्का


सोलापूर,
११ मार्च १९७४

ती. अक्का,
शि. सा. जयभीम. वि. वि. इतके दिवस पत्र नाही, कारण तीन लिहिली आणि तिन्ही फाडली.

तुझे दोन बोटांचे म्हणणे मालकांना सांगितले. ते त्यांना पटले. मग त्यांनी विचारले की एवढ्याने इतके वाचते, तर गोंडेच नसले तर किती वाचेल. मला त्या प्रश्नाचा आनंद झाला, अक्का. खोटे कशाला सांगू? आठवडाभर खपून नमुना केला. टोक दुमडून मशीनवर शिवायचे आणि नक्षी पार काठापर्यंत न्यायची. दिसतेही बरी. खाली काय काय वाचते ते लिहायचे होते. सूत, कातरण, रेल्वेचे भाडे असे लिहीत गेलो. चौथ्या ओळीत 'होटगीची मजुरी' असे लिहिले आणि हात थांबला. तोवर ते मला सुचले नव्हते. कागद फाडावासा वाटला, पण मालक समोरच उभे होते. त्यांनी तो ओढून घेतला आणि माझी पाठ थोपटली.

तुम्हाला दुसरे काही काम द्यावे म्हणून विनवले. शिलाईला दोन माणसे पुरतात, ती मिळाली, असे म्हणाले. पहिली चादर मला बक्षीस दिली. ती माझ्याने पांघरवेना, म्हणून तुला पार्सल केली आहे. मी नोकरी सोडू का? तू सांगशील तसे करीन.

माया कमी झाली असेल तर तसे लिही, पण गप्प राहू नकोस.
तुझा,
यशवंत


होटगी,
२ एप्रिल १९७४

चि. यशवंत यास अक्काचा जयभीम व आशीर्वाद.
तीन गुरुवार पॅसेंजर आली आणि गठ्ठा उतरला नाही. तरी आम्ही सगळ्या फलाटावर जाऊन उभ्या राहिलो. केराबाई म्हणाली की ज्याने हे डोके चालवले त्याच्या हाताला लकवा मारू दे. बाकीच्या व्हय व्हय म्हणाल्या. तुझे पत्र माझ्या पदराच्या गाठीत होते. मीही मान हलवली. भिऊ नकोस, बहिणीचा शाप लागत नाही.

नोकरी सोडू नकोस. तू घरी बसलास म्हणून गठ्ठा परत येणार नाही. सोमवारपासून मी खडी फोडायला जाते. हातोडी धरली तरी बोटे पीळ द्यायला बघतात.

चादर मिळाली. उलटीसुलटी करून पाहिली. दोष काढायचाच होता, सापडला नाही. केराबाईच्या नजरेस पडू नये म्हणून ट्रंकेच्या तळाशी ठेवली आहे. थंडीत दार लावून ह्यांच्या पायावर घालीन.

जयंतीला येऊ नकोस. बायकांच्या लेखी तू अजून साहेबच आहेस, हाराची वर्गणीही निघाली आहे. पण कोणी विचारले तर तू खरे सांगशील. ती खोड मीच तुला लावली. मी त्यांना सांगेन की यशवंतला ताप आहे. त्या दिवशी माझ्या उशीवर डोके टेकून पडून राहा, म्हणजे माझे बोलणे अगदीच खोटे ठरायचे नाही.

माया होती तिथेच आहे.
अक्का