मापाच्या काठीशेजारी

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला कुत्रंही विचारणार नाही, असं जिच्याशी लग्न करायचंय तिचा भाऊ म्हणाला होता. त्याने आता येऊन बघावं.

साहेब फोटोग्राफर आहेत. साठीचे, मऊ बोलणारे. राहायला त्यांच्याच घराची मागची खोली दिलीय. हमरस्त्याकडेच्या विचित्र इमारतींचं पुस्तक करतायत. मी गाडी चालवायची आणि इमारतीशेजारी मापाची काठी धरून उभं राहायचं, म्हणजे बघणाऱ्याला उंचीचा अंदाज येतो. काठीवर लाल-पांढरे दहा पट्टे, एकेक वीतभर. आज कोंबडीच्या आकाराचं दुमजली अंड्यांचं दुकान झालं. गिऱ्हाईक आत कुठून शिरतं ते लिहायला लाज वाटते.

माझं डोकं बरोबर आठव्या पट्ट्याला. साहेबांनी टिपून घेतलं. तिला माझी उंची फार आवडायची. गर्दीत लगेच सापडतोस, म्हणायची.

५ तारीख, बुधवार
आज बुटाच्या आकाराचं चपलांचं दुकान. मालकाने साहेबांना विचारलं, हा किती दिवस पुरेल. एरवी कानाखाली वाजवली असती, पण नोकरी नवी.

तिला फोन केला. पुस्तकात माझा फोटो येणार म्हटल्यावर हसली. मग म्हणाली, दादाने मुलगा बघितलाय. डोकं सणकलं. तोंडाला येईल ते बोललो आणि फोन ठेवून दिला. गाढव आहे मी.

८ तारीख, शनिवार
पॅन्ट्स पायात येतायत. धोब्याशी भांडलो. तो शांतपणे म्हणाला, धुतल्यावर कापड आटतं हो दादा, वाढलेलं मी तरी पाहिलं नाही.

साहेबांनी गाडीच्या सीटवर उशी ठेवली. मी मागितली नव्हती.

११ तारीख, मंगळवार
साहेब अंघोळीला गेलेले असताना त्यांच्या टेबलावरचे फोटो बघितले. कोंबडीपाशी मी आठव्या पट्ट्याला. बुटापाशी सातव्या. कालच्या फोटोत पाचव्या.

खाली जुने फोटो होते. तीच कोंबडी, पण माणसाच्या गुडघ्याएवढी. शेजारी हीच काठी धरून कुणी दुसराच. पुढच्या फोटोत कोंबडी मोठी, तो लहान. त्याच्या पुढच्यात— ही घरं कुणी बांधलीच नाहीत. वाढवली.

साहेब आले तसा त्यांची गचांडी धरायला गेलो. हात पोटापर्यंतच पोचला. ते रागावले नाहीत. म्हणाले, पळून उपयोग नाही, सुरू झालेलं थांबत नाही. मात्र तुझ्या हातून दुसऱ्या कुणी आपणहून काठी घेतली, तर तुझी उंची तुला परत.

१३ तारीख, गुरुवार
तिचा फोन आला. मुलाला नकार दिला म्हणाली. घर सोडून माझ्याकडे येतेय. शनिवारी.

येऊ नकोस म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं.

ये म्हटलं.

१५ तारीख, शनिवार
चहाच्या दुकानापाशी उतरली. दुकान म्हणजे भलीमोठी किटली. मी गाडीतच उशीवर बसून राहिलो, काच अर्धी खाली. म्हटलं, पाय मुरगळलाय, तेवढी काठी धरून उभी राहतेस का माझ्याऐवजी. सगळं ठाऊक असून म्हटलं. तिने मला असं बघू नये, एवढंच डोक्यात होतं.

माझ्या हातून काठी घेतली. वर म्हणाली, पाय दुखतोय तर आलास कशाला, वेड्या.

साहेब तासन्‌तास फोटो काढत राहिले.

१६ तारीख, रविवार
उंची आली नाही. साहेबांना विचारलं. म्हणाले, तसं सांगितल्याशिवाय कुणी काठी देत नाही रे.

किटलीवर आज नवा मजला. ती काठीच्या दुसऱ्या—

तारीख माहीत नाही
दोघं साहेबांच्या टेबलावर. पेन्सिलीचं तुटलेलं टोक कवेत धरून लिहितोय. एका शब्दाला दम लागतो.

तिने विचारलं, तुला माहीत होतं का. नाही म्हटलं. तिने विश्वास ठेवला. माझा हात धरून रडली. मलाच धीर देत होती—

पुन्हा
साहेबांना नवा फोटो हवाय. उघडी वही आणि माणूस. ही वही. त्यांनी तिला चिमटीत उचलून पानावर ठेवलं. वरच्या टोकाला. १५ तारखेवर. मी खाली, या ओळीपाशी.

ती खाली बघतेय. अक्षरं तिच्या पावलांएवढी— चालतेय— ओळीवरून—

हाका मारल्या. आवाज पोचत नाही—

थांबली. 'सगळं ठाऊक' वर उभी—

इकडे बघतेय. येतेय. वाचत येतेय—

हे वाचू नकोस. इथवर आलीसच तर एवढंच वाच, की मी तु