जिनिंगातली खूण

बाबा, काल मी नवऱ्याचं मनगट पिरगाळलं. तुमची नात माझ्यासारखीच बहिरी निघाली. जेवताना तिनं हातानं पाणी मागितलं, म्हणून त्यानं तिच्या बोटांवर चापट मारली. त्याला ती इथंच दारव्ह्यात, ऐकणाऱ्या पोरांच्या शाळेत हवी आहे. मला ती यवतमाळला, बहिऱ्यांच्या शाळेत घालायची आहे. मनगट सोडलं तेव्हा तो कळवळून खाली बसला. मला जराही वाईट वाटलं नाही.

तुमचंही हेच होतं. शाळेत मास्तर डस्टरच्या लाकडानं माझी बोटं फोडायचे आणि घरी तुम्ही चुलीजवळची पऱ्हाटी उचलायचात. कपाशीची वाळकी काडी ती, हातावर बसली की सालपट काढायची. "तोंडानं बोल!" तुमच्या ओठांवरचे हे दोन शब्द मी सर्वांत आधी वाचायला शिकले. आई मध्ये पडली की तिलाही फटके. "मारून टाकता काय पोरीले? जाऊ द्या तिले तिच्यासारख्यायत!" "मुक्यायत ठेवली त मुकीच राहीन ते!" ही तुमची भांडणं आईनं पुढे मला खुणांनी सांगितली, तुमच्या नकलेसकट.

मग तो जिनिंगातला दिवस, तुम्ही सरकी काढायच्या यंत्रांवर कामाला होता तिथला. कापसाचे भाव कोसळलेले, गाड्या अडून पडलेल्या, चिडलेल्या लोकांनी फाटकावर दगड मारलेले. मी तुमचा डबा घेऊन आत शिरले. जमीन पायाखाली थरथरत होती, आणि तुम्ही हातांनी बोलत होता! त्या धडधडाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथं सगळेच हातांनी बोलत होते. पट्टा थांबव. सरकी अडकली. चहा आला. सगळ्यांत भराभर तुमचेच हात. माझं टाळकं फिरलं. मी डबा फेकून मारला. तुमचं कपाळ फुटलं, वरण शर्टावर ओघळलं. तुम्ही मला झिंज्या धरून कापसाच्या ढिगावर आपटलं, लाथ घातली. चौघांनी तुम्हाला मागे ओढलं. रक्त पुसत, धापा टाकत तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग पाची बोटं जुळवून दोनदा छातीवर टेकवली आणि भुवया उचलल्या. जिनिंगातली जेवणाची खूण. जेवली का?

त्या आवाजात तुमच्याजवळ दुसरी भाषाच नव्हती. घरी आल्यावर पुन्हा तोंड आणि पऱ्हाटी. शेवटी आईनंच मला जीपमध्ये कोंबून यवतमाळला नेलं. तुम्ही एकदाही भेटायला आला नाहीत, आणि मी शिकून परतायच्या आत गेलात. तिथं मी माणसात आले. पण सुट्टीत घरी आले की पाहुणीसारखी एका कोपऱ्यात बसायची, हेही खरं. नवरा तेवढंच धरून बसलाय. "माह्या मढ्यावरून ने पोरीले," म्हणतो. नेईन. सोमवारी जीप आहे.

हे पत्र पिठाच्या डब्याखाली जाईल. एकच सांगायचं राहिलं, आईलाही बोलले नाही. शाळेत पोरीला पुष्कळ खुणा शिकवतील, पण मी तिला पहिली खूण तुमची शिकवली. रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर उभी राहते आणि पाची बोटं जुळवून छातीवर टेकवते.