विसावी टिक

प्रिय भुणभुण,

दोन मुलांची आई झालीस तरी पत्रात तुला मी याच नावाने हाक मारणार. लहानपणी कानाशी सतत प्रश्नांची भुणभुण लावून ते तूच कमावलं आहेस. परवा फोनवर तू आईची घंटी मागितलीस आणि मी ‘देतो’ म्हणून, दार वाजतंय असं सांगून घाईने फोन ठेवला. दार वाजलं नव्हतं. या घराचं दार वाजवणार कोण? पेपरवाला पेपर टाकून जातो, दूधवाली कडीला पिशवी अडकवून जाते. दिवसभरात माझा आवाज मला एकदाच ऐकू येतो, तोसुद्धा सांडलेल्या चहावर चिडलो तर.

घंटी मी पुसून ठेवली आहे. कापसाला स्पिरिट लावून, जशी तीस वर्षं लोकांची डोकी पुसली तशी. शाळेत तू सांगायचीस, माझे बाबा लोकांच्या डोक्याला तारा चिकटवतात. मुलं हसायची आणि तू रडत घरी यायचीस. मेंदूच्या लहरी कागदावर उतरवणारा तंत्रज्ञ, हे तुला तेव्हा नीट म्हणताही यायचं नाही. रुग्णालयाच्या तळमजल्यावरची ती बिनखिडकीची खोली तू एकदाच पाहिलीस. मला मात्र ती घरापेक्षा पाठ होती.

निवृत्तीच्या आधी आमच्या डॉक्टरीणबाईंनी झेन ध्यान करणाऱ्या बारा जणांना तपासायला बोलावलं होतं, ते तुला सांगितल्याचं आठवतं. मला वाटलं, मुंडण केलेली, गंभीर चेहऱ्यांची माणसं येतील. पहिली आली ती एक शिंपीणबाई, गळ्यात मापाची फीत तशीच विसरलेली. वीस वर्षं रोज भिंतीकडे तोंड करून, डोळे अर्धे मिटून बसायची. आम्हाला शाळेत मास्तर हीच शिक्षा द्यायचे, असं मी तिला म्हणालो तर पोट धरून हसली. मग मी तारा लावल्या, दिवा मंद केला आणि काम सुरू झालं. तिने शांत बसायचं आणि आम्ही दर पंधरा सेकंदांनी तिच्या कानात एक बारीक ‘टिक’ सोडायची. अशा वीस टिका.

माणूस निवांत बसला की मेंदूच्या लहरी संथ, एकसारख्या चालतात. टिक वाजली की त्या क्षणभर मोडतात, म्हणजे मेंदूने दखल घेतली. तुमच्या-आमच्यासारख्यांत चौथ्या-पाचव्या टिकेनंतर लहरी मोडतच नाहीत. मेंदू म्हणतो, हे रोजचंच आहे, आणि दुर्लक्ष करतो. शिंपीणबाईचा कागद बघून मी यंत्रच तपासलं. विसाव्या टिकेलाही तिच्या लहरी पहिल्या टिकेइतक्याच मोडत होत्या आणि लगेच पूर्ववत होत होत्या. तिला काही सवयीचं होतच नव्हतं. तुलनेसाठी साधा माणूस हवा म्हणून डॉक्टरीणबाईंनी मलाच खुर्चीत बसवलं. माझी दखल तिसऱ्या टिकेलाच संपली. सगळ्यांत लवकर कंटाळलेला मेंदू, म्हणून विभागात माझी चेष्टा झाली. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, यंत्र कशाला लावलंत, मला विचारायचं.

निवृत्तीनंतर मीही तसा ध्यानाला बसायला लागलो. शिंपीणबाईनेच उशी शिवून दिली. आणि वर्षभरात तुझ्या आईला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, उजवा हात गेला. विभागात नव्या काउंटरमुळे जुनी टेबलावरची घंटी अडगळीत पडली होती, ती मी मागून आणली. तू सुट्टी घेऊन आलीस आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंस. एकदा म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे उठवा. तीनदा म्हणजे काही नको, नुसतं येऊन बस. ती तिसरी ओळ आईनेच डाव्या हाताच्या खुणांनी तुला सुचवली होती. तो पुठ्ठा अजून भिंतीवर आहे.

पहिले काही महिने मी प्रत्येक घंटीला धावलो. मग घंटी रोजचीच झाली. दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. दुपारी ती झोपली की मी बाहेरच्या खोलीत उशीवर बसायचो. हळूहळू घंटी वाजली तरी मी आतून हलेनासा झालो. मला वाटलं, ध्यान लागायला लागलं. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, भुणभुण. ज्या माणसाने बारा जणांचे कागद स्वतःच्या हाताने काढले, त्याला एवढं कळू नये? जागं मन प्रत्येक आवाजाला नव्याने उठतं, हे त्या कागदांवर लिहिलेलं होतं. मला जे लागलं होतं ते ध्यान नव्हतं, ती सवय होती.

आता मी बसत नाही. आणि आता मला सगळं ऐकू येतं. फ्रिज सुरू झालेला, शेजारची लिफ्ट, नळाचा एकेक थेंब. डॉक्टरीणबाईंनी आज तारा लावल्या तर माझा कागद शिंपीणबाईच्या वर जाईल.

त्या दुपारी आई झोपेतच गेली, असं मी तुला सांगितलं. तू दोनदा विचारलंस, घंटी वाजवली का, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. घंटी वाजली होती. तीनदा. मला ती स्पष्ट ऐकू आली, आणि मी मनाशी म्हणालो, आवाज आला, आवाज गेला. तीनच तर आहेत, काही नकोय तिला. ध्यानाची वेळ संपल्यावर उठून आत गेलो तेव्हा तिचा हात घंटीवर होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ मोठी होती, कोणीही काही करू शकलं नसतं. करायचं काहीच नव्हतं गं, नुसतं जाऊन बसायचं होतं. ही घंटी तू तुझ्या घरात ठेवणार, मुलांना आजीची म्हणून दाखवणार, तर ती शेवटची कशी वाजली हे तुला माहीत असायला हवं, म्हणून हे लिहिलं. पोस्टाने पाठवत नाही. राग येईल, तो येऊ दे, पण न्यायला तू ये. तीनचा अर्थ तूच लिहिला होतास. आज मी वाजवतो आहे. काही नको, नुसतं येऊन बस.

तुझाच,
तारावाला बाबा